आईचे घर, मामाचा अधिकार : कोतो गदांग येथील जमीनजुमला

मालमत्तेविषयी बोलणे निघाले की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो 'ही कोणाची?' हा. उताऱ्यावर नाव कोणाचे, कबजा कोणाचा, वारस किती, ह्यांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या मिळकतीविषयी जाणून घेण्यासारखे सर्व काही कळले असे आपण समजतो. ही उत्तरे मिळाली नाहीत तर ती मिळकत भानगडीची आहे असे म्हणून आपण तिच्या वाटेला जात नाही. परंतु भरल्या घरात सुखाने राहणाऱ्या, भातशेती नीट पिकविणाऱ्या आणि व्यवहारात हुशार असणाऱ्या माणसांना हा प्रश्न विचारला असता त्यांना त्याचे एका नावात उत्तर देता येत नाही, असा एक समाज आपल्या पूर्वेस समुद्रापलीकडे नांदत आहे. इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा प्रांतात राहणारा मिनांगकाबाऊ समाज तो हा. तो कित्येक लाखांचा आहे, धर्माने निष्ठावंत मुसलमान आहे, आणि त्याचे कूळ व वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. जगातील मातृवंशीय समाजांत हा सर्वांत मोठा मानला जातो.

एवढ्या मोठ्या समाजाचे वर्णन एका लेखात करू लागलो तर ते वरवरचे होईल. म्हणून आम्ही एकच गाव डोळ्यांपुढे ठेवणार आहोत. त्याचे नाव कोतो गदांग.

पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, बुकित्तिंगी नावाचे शहर आहे. एका बाजूस मरापी हा जागृत ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूस सिंगालांग पर्वत, आणि शहराच्या अगदी कुशीत सियानोक नावाची खोल दरी, असे त्याचे स्थान आहे. डच लोकांनी १८२५ च्या सुमारास येथे फोर्ट द कॉक हा किल्ला उभारला आणि त्याभोवती शहर वाढले. पदांग बंदराकडून येणारा रस्ता येथे चढून येतो. येथून एक फाटा उत्तरेस मेदानकडे, एक पूर्वेस पायाकुंबुहवरून पेकानबारूकडे, तर एक पश्चिमेस मानिंजाऊ सरोवराकडे उतरतो. साहजिकच हे शहर येणाऱ्याजाणाऱ्यांचे आहे. व्यापारी येतो, माल उतरवितो, माल भरतो आणि जातो. प्रवासी येतो, १९२६ साली बांधलेला घड्याळाचा मनोरा पाहतो, कापाऊ पद्धतीचा भात जेवतो आणि पुढच्या गाडीत बसतो. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि क्षेत्रफळ अवघे २५ चौरस किलोमीटर. त्यामुळे शहराला जागा पुरत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या शहराच्या कडेची सियानोक दरी उतरून पलीकडच्या कड्यावर चढले की कोतो गदांग लागते. गाव लहान, रस्ते शांत, घरे नीटनेटकी. परंतु त्याचे नाव इंडोनेशियाच्या इतिहासात त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठे आहे. स्वतंत्र इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री हाजी आगूस सलीम हे १८८४ साली येथे जन्मले. पहिले पंतप्रधान सुतान शहरीर ह्यांच्या वडिलांचे घराणे येथले. दिल्लीला १९४७ च्या वसंत ऋतूत भरलेल्या आशियाई संबंध परिषदेस जे शहरीर आले होते आणि त्याच वर्षी बिजू पटनाईक ह्यांनी ज्यांना डचांच्या नाकेबंदीतून विमानाने बाहेर काढले, तेच हे. शहरीर ह्यांची सावत्र बहीण रोहाना कुदूस ह्याही १८८४ साली ह्याच गावी जन्मल्या. त्यांनी १९११ मध्ये गावातील स्त्रियांसाठी 'आमाई सतिया' ही संस्था काढली आणि १९१२ मध्ये स्त्रियांचे वृत्तपत्र चालविले. दरीच्या कडेवरचे एक खेडे इतकी माणसे कशी देते, ह्याचे कोडे पुष्कळांना पडते. आमच्या मते त्या कोड्याचे निम्मे उत्तर गावाच्या जमिनीच्या व्यवस्थेत सापडते.

व्यवस्था समजून घेण्यापूर्वी थोडे शब्दांकडे पाहू. मिनांगकाबाऊ लोक आपल्या गावसमूहाला 'नगरी' म्हणतात. शब्द आपलाच, पण अर्थ शहर नव्हे, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे गाव. मालमत्तेला ते 'हार्ता' म्हणतात, आणि हा संस्कृत 'अर्थ' शब्दाचाच अवतार आहे. वाटणीला 'बागी', म्हणजे भाग. साक्षीदाराला 'साक्सी', म्हणजे साक्षी. वारसाला मात्र 'वारिस' आणि हक्काला 'हाक', हे आपल्याप्रमाणेच अरबीतून घेतलेले. संस्कृत आणि अरबी ह्या दोन्ही परंपरांनी ह्या समाजाला शब्द दिले. पण ते शब्द ज्या नियमाभोवती गुंफले गेले तो नियम ह्या दोहोंपैकी कोणाचाही नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे. त्याला ते 'आदात' म्हणतात, म्हणजे रूढी, रिवाज.

आता ही रचना पाहू. प्रत्येक मिनांगकाबाऊ माणूस जन्मतः एका 'सुकु'चा, म्हणजे कुळीचा असतो, आणि ती कुळी आईची असते. कोतो, पिलियांग, बोदी आणि चानियागो ह्या चार मूळ कुळ्या; त्यांच्या पुढे अनेक शाखा झाल्या. कुळीच्या पोटात 'काउम' हा लहान गट येतो. एका आजीपासून किंवा पणजीपासून झालेल्या लेकी, नाती, पणत्या आणि त्यांचे भाऊ मिळून हा गट होतो. जमीन असते ती ह्या काउमची. काउमचा कारभार पाहतो घरातील वडीलधारा मामा. त्याला 'मामाक' असे म्हणतात आणि भाचरांना 'कमनाकान'. मराठी कानाला हा मामाक परका वाटणार नाही. फरक इतकाच की आपला मामा लग्नाच्या मांडवात आणि आजोळच्या सुटीत भेटतो, तर त्यांचा मामा जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात हजर असतो. अनेक काउम मिळून जो प्रमुख निवडतात त्याला 'पंगहुलू' म्हणतात आणि 'दातूक' ही पदवी देतात. ही पदवीसुद्धा मामाकडून भाच्याकडे जाते, बापाकडून मुलाकडे जात नाही.

ह्या लोकांचे परंपरागत घर म्हणजे 'रुमाह गदांग', अर्थात मोठे घर. रेड्याच्या शिंगांसारखी दोन्ही टोके वर उचललेल्या त्याच्या छपराचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. घराच्या पुढच्या अंगास लांबच लांब ओटीसारखी मोकळी जागा आणि मागच्या अंगास ओळीने खोल्या. ह्या खोल्या घरातील विवाहित लेकींच्या. लेकीचे लग्न झाले की तिला खोली मिळे, आणि नवरा त्या खोलीत पाहुण्यासारखा रात्री येई. दिवसा तो आपल्या आईच्या किंवा बहिणीच्या शेतावर राबे. त्याला आपण घरजावई म्हणू, परंतु घरजावई ह्या शब्दाला आपल्याकडे जो कमीपणा चिकटला आहे तो तेथे नाही, कारण सगळेच जावई तसे. वयात आलेल्या मुलग्यांना घरात खोली नसे. ते 'सुराऊ'मध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात निजत, कुराण वाचीत, लाठीकाठी शिकत. आज नवराबायको आपल्या मुलांसह स्वतंत्र घरात राहतात आणि कोतो गदांगमध्ये तर गेल्या शतकातच युरोपीय धाटणीची घरे पुष्कळ झाली. पण घर नव्या धाटणीचे असले तरी ते ज्या जमिनीवर उभे आहे ती बहुधा बायकोच्या काउमचीच असते.

मालमत्तेचे ते दोन भेद करतात. पहिला 'पुसाका तिंगी', म्हणजे उंच वारसा : जी जमीन, जे घर, जे तळे कित्येक पिढ्यांपूर्वीच्या आजीपासून चालत आले ते. दुसरा 'पुसाका रेंदाह', म्हणजे खालचा वारसा : अलीकडच्या एकदोन पिढ्यांनी कमावलेले. ह्याखेरीज नवराबायकोने आपल्या हयातीत मिळविलेले धन वेगळे मानतात. आपल्याकडचे वडिलार्जित आणि स्वकष्टार्जित हे शब्द येथे जवळपास लागू पडतात. मात्र आपल्याकडे वडिलार्जित मिळकतीत ज्याने त्याने आपला हिस्सा मागावयाचा असतो, आणि तेथे उंच वारशात हिस्सा अशी वस्तूच नाही.

मग त्या जमिनीवर माणसे जगतात कशी? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका आजीला तीन मुली आणि दोन मुलगे आहेत आणि काउमकडे भाताची सहा खाचरे आहेत. मामाक आणि वडीलधाऱ्या स्त्रिया बसून ठरवितात की प्रत्येक मुलीने दोन दोन खाचरे करावी. ही वाटणी कसण्याची झाली, मालकीची नव्हे. थोरलीला चार मुली झाल्या आणि धाकटीला एकही झाली नाही, तर पुढच्या पिढीत धाकटीची खाचरे थोरलीच्या लेकींकडे वळतात. मुलगे दोघेही जन्मभर ह्या काउमचे सदस्य राहतात. त्यांपैकी एखादा मामाक होईल, बहिणींसाठी भांडेल, बांधाचे तंटे मिटवील. अडचणीत सापडला तर काउम त्याला काही काळ शेत लावून देईल. पण तो वारला की ते शेत त्याच्या मुलांकडे जाणार नाही. त्याची मुले त्यांच्या आईच्या काउमची. त्यांची भाकर तिकडे. ह्या दृष्टीने पाहता मामाक हा मालक नसून रखवालदार आहे. ज्यांच्यासाठी तो राखतो त्या बहिणी आणि भाच्या, आणि अद्याप न जन्मलेल्या भाच्यांच्या लेकी.

उंच वारसा विकता येत नाही, हा मूळ नियम. गहाण मात्र टाकता येतो आणि तोही रूढीने चारच कारणांसाठी मान्य केला आहे. घरात प्रेत पडले आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही. वयात आलेली मुलगी पैशाअभावी बिनलग्नाची राहिली आहे. मोठे घर गळू लागले आहे. किंवा पंगहुलूची गादी रिकामी पडली असून नवा बसवावयाचा आहे. ही चार कारणे बारकाईने पाहिली तर प्रत्येकामागे काउमची अब्रू किंवा काउमचे सातत्य आहे असे दिसून येते. कोणा एकाच्या धंद्याचे भांडवल, कोणा एकाचे कर्ज, कोणा एकाची हौस त्यांत बसत नाही. शिवाय गहाण टाकताना काउममधील सर्व जाणत्या माणसांची संमती लागते. एकटा मामाक उठला आणि शेत टाकून आला, असे रूढीने चालत नाही.

हे गहाण आपल्या कबजेगहाणासारखे आहे. पैसे देणारा शेताचा ताबा घेतो आणि पीक खातो. पैसे परत मिळाले की शेत सोडतो. मुदत नसते. आजीने टाकलेले शेत नातीने सोडविले, अशी उदाहरणे तेथे नवलाची नाहीत. इंडोनेशियाच्या सरकारने १९६० साली असा कायदा केला की सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न घेता परत करावी, कारण तेवढ्या काळात सावकाराने पिकातून आपले पैसे वसूल केलेले असतात. हेतू गरीब कुळाला सावकाराच्या पकडीतून सोडविण्याचा. पण मिनांगकाबाऊ गावांत पैसे देणारा हा पुष्कळदा सावकार नसून त्याच कुळीतला दुसरा काउम असतो, किंबहुना एखादी विधवा मावशीही असते. तिचे पैसे बुडवावे हे लोकांना पटले नाही, आणि म्हणून हा कायदा तेथे बहुतांशी कागदावर राहिला. एका प्रदेशातील अन्याय डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम दुसऱ्या प्रदेशात कसा निरुपयोगी ठरतो, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

येथे कोणीही विचारील की मुसलमान समाजात हे चालते कसे? शरियतीप्रमाणे मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. भाच्यांचा क्रम तर फार मागे. हा प्रश्न मिनांगकाबाऊंनी स्वतःच स्वतःला विचारला आहे आणि त्यासाठी रक्तही सांडले आहे. १८०३ च्या सुमारास मक्केहून परतलेल्या यात्रेकरूंनी सुधारणेची चळवळ सुरू केली. तिला पाद्री चळवळ म्हणतात. ख्रिस्ती पाद्र्यांशी तिचा संबंध नाही. रूढिवाद्यांशी तिचा संघर्ष झाला, त्यात डच शिरले आणि १८३७ साली बोंजोल पडेपर्यंत युद्ध चालले. पुढे मक्केच्या मशिदीत इमाम झालेले आगाम प्रांतातील शेख अहमद खातीब ह्यांनी मातृवंशीय वारसा धर्मबाह्य आहे अशी कडक टीका केली. ह्याउलट त्यांचेच शिष्य हाजी रसूल ह्यांनी असा मार्ग काढला की उंच वारसा ही कोणा व्यक्तीची मिळकतच नसल्यामुळे ती वक्फासारखी समजावी. जी वस्तू मृताची नव्हतीच तिची वाटणी कसली? अखेर १९५२ च्या मे महिन्यात बुकित्तिंगी येथे धर्मपंडित, कुळीचे प्रमुख आणि सुशिक्षित ह्यांची परिषद भरली आणि तिने निर्णय दिला की उंच वारसा रूढीप्रमाणे आणि स्वकष्टार्जित धन शरियतीप्रमाणे जावे. १९६८ साली पदांग येथील परिषदेनेही ह्याच दिशेने पाऊल टाकले. परिणामी बापाची कमाई आता बापाच्या मुलांना मिळते, आणि आजीची जमीन आजीच्या लेकींकडे राहते. ज्या समाजाने ह्या प्रश्नापायी युद्ध पाहिले त्याने तो चर्चेने सोडविला, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

आता कोतो गदांगच्या कोड्याकडे वळू. ज्या व्यवस्थेत मुलग्याला घरात खोली नाही आणि शेतात वाटा नाही, त्या व्यवस्थेत मुलगा काय करील? तो घराबाहेर पडेल. ह्या बाहेर पडण्याला ते 'मरांताऊ' म्हणतात, आणि तो त्यांच्यात जवळजवळ संस्कारच आहे. मुलग्याने परमुलखी जावे, विद्या किंवा पैसा कमवावा आणि मग नाव घेऊन परत यावे. घरच्या शेताची चिंता त्याला नसते, कारण ते बहिणीपाशी सुरक्षित असते. डचांनी १८४७ पासून ह्या डोंगरांत सक्तीची कॉफी लागवड चालविली. तिच्या वखारींना कारकून हवे होते आणि कारकुनांना लिहिणेवाचणे हवे होते. फोर्ट द कॉकला १८५६ मध्ये शिक्षकांची शाळा निघाली. दरीपलीकडच्या कोतो गदांगने ही संधी सर्वांआधी ओळखली आणि आपले मुलगे शाळेत घातले. कारकुनाचा मुलगा सरकारी वकील झाला, त्याचा भाचा डॉक्टर झाला. भाच्याच्या शिक्षणाला मामाने हातभार लावावा हा रूढीचाच दंडक असल्यामुळे एका मामाच्या पगारावर अनेक भाचे शिकले. रोहाना कुदूस ह्यांच्या 'आमाई सतिया'मध्ये बायका भरतकाम, विणकाम, लिहिणे आणि हिशेब शिकल्या. चांदीच्या नाजूक कामासाठी तर हे गाव आजही प्रसिद्ध आहे. घर आणि शेत ज्या बायकांपाशी होते त्यांच्या हाती रोख पैसाही यावा, हे त्या संस्थेने साधले.

परंतु ह्याच यशाने गाव रिते केले. प्रथम मुलगे एकटे जात, पुढे बायकामुलांना घेऊन जाऊ लागले. १९५८ साली मध्यवर्ती सरकारविरुद्ध पश्चिम सुमात्रात बंड झाले. ते मोडल्यानंतर तर फार मोठ्या संख्येने लोक जाकार्ताकडे गेले. आज कोतो गदांगमध्ये पुष्कळ घरे वर्षाचा बहुतेक काळ बंद असतात. रमजानच्या ईदला गाड्या येतात, दिवे लागतात आणि आठवड्याने पुन्हा कुलपे लागतात. शेते दुसऱ्या गावची माणसे अर्धेलीने करतात. ज्या घराच्या दहा वारस आहेत आणि दहाही परगावी आहेत, त्याचे कौल कोणी फेरायचे? विकता येत नाही म्हणून ते वाचले, हे खरे. पण कोणा एकीचे नाही म्हणून ते गळत राहिले, हेही तितकेच खरे.

आणि दरीच्या अलीकडे जागा न पुरणारे शहर आहे. ह्या ठिकाणी राज्यकर्त्यांचे कायदे गोष्टीत शिरतात. डच राजवटीचे तत्त्व असे होते की ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. काउमची पड जमीन, गावचे रान ह्यांवर कागद कोठून असणार? स्वतंत्र इंडोनेशियाचा मूलभूत जमीन कायदा २४ सप्टेंबर १९६० रोजी झाला. त्याने रूढीचा सामुदायिक हक्क मान्य केला. त्या हक्काला 'उलायात' म्हणतात. पण तो प्रत्यक्षात शिल्लक असेल आणि राष्ट्रहिताशी विसंगत नसेल तरच, अशी अट घातली. शिवाय नोंदणीची जी पद्धत पुढे आली ती एका नावाची सवय असलेली. काउमची जमीन नोंदवावयाची तर वंशावळ काढावी लागते, तिला तेथे 'रांजी' म्हणतात. मामाक, पंगहुलू आणि गावच्या प्रमुखाच्या सह्या घ्याव्या लागतात. आणि दाखला बहुधा मामाकच्या नावे किंवा काही सदस्यांच्या नावे निघतो. येथेच खरा धोका आहे. रूढीने जो रखवालदार, तो कागदावर मालक दिसू लागतो. त्याच्या पश्चात त्याची मुले दाखला घेऊन उभी राहिली तर न्यायालयात भाच्यांना आपली आजी सिद्ध करावी लागते. पश्चिम सुमात्रातील न्यायालयांपुढे काउमच्या जमिनीचे वाद वर्षानुवर्षे येतात ते ह्यामुळेच.

मोठ्या मळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. गावाने उलायात जमीन कंपनीला मुदतीने वापरावयास दिली. कायद्याच्या वाटेने तिचे रूप सरकारी जमिनीवरील पट्ट्यात झाले. आणि मुदत संपल्यावर जमीन गावाकडे यावी की सरकारकडे, हा तंटा उभा राहिला. गाव म्हणे, आम्ही वापरावयास दिली होती, सोडली नव्हती. प्रांताने २००८ साली उलायातविषयी स्वतःचा नियम केला तो मुख्यतः गावाचे हे म्हणणे मान्य करण्यासाठी.

शहर आणि गाव ह्यांची हद्द हाही असाच कळीचा विषय. १९७९ च्या कायद्याने सर्व देशात एकाच साच्याची खेडी करण्याचे ठरले आणि पश्चिम सुमात्रात १९८३ मध्ये नगरींचे तुकडे पडले. त्यामुळे जमिनीची जबाबदारी एका संस्थेकडे आणि कारभार दुसरीकडे असा प्रकार झाला. सुहार्तो राजवट १९९८ मध्ये संपल्यावर प्रांताने २००० सालच्या नियमाने नगरी पुन्हा उभी केली. ह्याच सुमारास, १९९९ मध्ये, आगाम जिल्ह्यातील काही भाग बुकित्तिंगी शहरात घालण्याचा सरकारी हुकूम निघाला. त्याला आगामकडून कसून विरोध झाला आणि हुकूम अमलात आला नाही. बाहेरच्या माणसाला ह्याचे आश्चर्य वाटते : शहरात गेल्याने दिवे, नळ, रस्ते येतात, जमिनीची किंमत वाढते, मग नको का म्हणावे? पण ज्यांची जमीन विकावयाचीच नाही त्यांना किंमत वाढल्याचा आनंद काय? शहरात नगरी राहत नाही, प्रभाग होतो. आणि नगरी गेली की उलायात कोणाच्या नावाने बोलणार, ही त्यांची भीती.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बँक काउमच्या जमिनीवर कर्ज देण्यास कचरते. होतकरू स्त्रीला दुकान काढावयाचे तर तिच्या दहा बहिणींची संमती लागते. जमीन स्त्रियांची म्हटली तरी चावडीवर बोलतो पुरुष आणि सही करतो पुरुष. मामाक लबाड निघाला तर बहिणीला ते उशिरा कळते. परंतु ह्या सर्वांच्या उलट पारड्यात एक मोठी गोष्ट आहे. नवऱ्याने टाकलेली, विधवा झालेली, परमुलखी धंद्यात बुडालेली अशी कोणतीही लेक परत आली तर तिला जाण्याजोगे घर आहे आणि कसण्याजोगे शेत आहे. ते तिला कोणाच्या दयेने मिळत नाही, जन्माने मिळते. आपल्या देशात मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये दिला, आणि तो बजावताना तिला अजूनही भावाशी वाईटपणा घ्यावा लागतो, हे आठवले म्हणजे ह्या गोष्टीचे मोल कळते.

आपल्याच देशात ह्याच्या शेजारी ठेवण्याजोगे एक उदाहरण आहे. केरळातील नायर समाजातही मातृवंशीय तरवाड होते आणि तेथेही वडील मामा कारभार पाही. त्रावणकोरात १९२५ च्या कायद्याने वाटणीचा मार्ग खुला झाला आणि १९७५ च्या केरळच्या कायद्याने एकत्र कुटुंबाची ती पद्धतच संपली. जमिनी व्यक्तींच्या नावे झाल्या, पुष्कळांची भरभराटही झाली. पण जुनी तरवाडे विकली गेली, मोडली गेली. मिनांगकाबाऊंनी त्या वाटेने जाण्याचे आजवर नाकारले आहे. वाटणी हाच एक उपाय नाही, सामुदायिक मालकीच सामुदायिक म्हणून कागदावर आणता येईल, असा त्यांचा प्रयत्न आहे. उलायात जमीन नगरीच्या किंवा काउमच्याच नावे नोंदविण्याचे पाऊल अलीकडे पश्चिम सुमात्रात पडू लागले आहे.

हा प्रयत्न साधेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून राहील असे आम्हास वाटते. पहिली, वंशावळीच्या कागदावर मामाकच्या सहीशेजारी काउममधील प्रत्येक जाणत्या स्त्रीची सही येते की नाही. रूढीने तिची संमती मागितलीच आहे. कागदानेही ती मागितली पाहिजे. दुसरी, जाकार्तात जन्मलेली, दरी केवळ सुटीत पाहणारी नात आपल्या आजीच्या गळक्या घरासाठी वर्षाकाठी काही रक्कम पाठविते की नाही. कायद्याने जमीन विकण्यास बंदी करता येते. कौले मात्र दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी फेरावीच लागतात.